शिवकांताकाकूंची पूजा

सकाळी आंघोळ करून आल्यावर शिवकांताकाकू अर्धा तास कुणाशी बोलत नसत. परळीत कॉलेजसाठी मी ज्या घरात खोली घेऊन राहते, त्या घराच्या त्या मालकीण. नळाकडे जायचं तर त्यांच्या देवघरासमोरून जावं लागायचं. काकू पाटावर ताठ बसलेल्या असत. गळ्यातल्या चांदीच्या डबीतून काढलेलं इष्टलिंग डाव्या तळहातावर, हात छातीसमोर धरलेला आणि नजर त्याच्यावर. मी बादली आपटत गेले तरी पापणी हलायची नाही.

त्या लिंगायत. लिंगाची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही, अशी त्यांच्या घरची रीत. बाकीच्यांनी ती केव्हाच सैल केली होती. मुलगा बसवराज, ज्याला आम्ही बसूदादा म्हणतो, चहा पिऊनच आंघोळीला जायचा. काकूंनी मात्र ती कधी सोडली नव्हती. बाळंतपणातही नाही. मी एकदा विचारलं, की तेव्हा कसं चालायचं? तर म्हणाल्या, "आमच्यात विटाळ न्हाई धरत. पोरगं मांडीवर नि लिंग हातावर. रडायचा बसू, पर थांबायचा."

पूजा संपली की त्यांचं तोंड सुरू व्हायचं आणि दिवसभर थांबायचं नाही.

"ए दिंद्रुड, पानी भरतीस का वरात काढतीस? सगळा वटा वला केलास की."

पोरींना त्या गावाच्या नावाने हाक मारत. मी दिंद्रुड, माझी खोलीतली मैत्रीण पाटोदा. "पाटोद्याला ताप आलाय, दिंद्रुडनं आज कालेजात जाऊ नये," असा त्यांचा हुकूम निघायचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील मला सोडायला आले तेव्हा ओट्यावरच उकिडवे बसले, आत यायला तयार होईनात. काकूंनी दारातून दटावलं, "पोरगी आत राहनार नि तुमी भाईर बसनार व्हय? आत या. चहा काय रस्त्यावर देऊ?" वडील त्या दिवशी खुर्चीवर बसले. कुणाच्या तरी घरात खुर्चीवर बसलेले वडील मी पहिल्यांदा पाहिले असतील. काकूंच्या लक्षातही राहिलं नसेल, पण मला त्यांच्याबद्दल जे वाटतं ते तिथून सुरू होतं.

घराच्या पुढच्या अंगाला त्यांचं भांड्यांचं दुकान. काका गेल्यावर काकूंनीच ते चालवलं, नंतर बसूदादाने. पण लग्नाचं गिऱ्हाईक आलं की काकू आतून उठून येत. भांड्यावर नाव घालायचं काम त्या स्वतः करत. ते टोकदार यंत्र हातात धरलं की घर्र आवाज व्हायचा आणि स्टीलवर अक्षरं उमटायची. एकदा मुलीच्या लग्नात द्यायची संसाराची भांडी घ्यायला एक गृहस्थ आले आणि सगळ्या भांड्यांवर जावयाचं नाव घाला म्हणाले. काकूंनी यंत्र खाली ठेवलं.

"जावई भाकरी थापनार हाय का?"

"तसं न्हाई काकू, मानाचं असतं."

"मान द्यायाचा तर फेटा बांधा. भांडी पोरीची, नाव पोरीचं." मग त्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या मुलीकडे वळल्या, "काय गं, कसं लिहू? नुसतं नाव, का वडलांचं बी?" ती मुलगी लाजून चूर झाली. पण शेवटी नाव तिचंच पडलं.

परळीत थर्मलची, म्हणजे सरकारी वीजकेंद्राची, राख सगळ्यांवर पडते. दोरीवरच्या कपड्यांवर, ओट्यावर, अंगणातल्या बेलाच्या पानांवर. काकू पूजेचं एकेक बेलपान धुऊन, पदराला पुसून घेत. मी एकदा धीर करून चेष्टा केली, "काकू, एवढी राख फुकट पडतेय, वेगळी विभूती कशाला विकत आणता?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता बोलणी बसणार.

"ती सरकारची, ही शिवाची," त्या म्हणाल्या. "सरकारची लावून बघ, बिल येतं का." आणि स्वतःच पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

त्यांना शुगर होती, मी राहायला यायच्या कितीतरी आधीपासून. सणाला गुलाबजाम केले की त्या मला समोर बसवून खायला लावत आणि माझ्या तोंडाकडे बघत.

"कसा हाय?"

"गोड आहे, काकू."

"गोड हाय ते मला बी ठावं हाय. पाक आत शिरलाय का, कडंला कोरडा हाय का, नीट सांग. म्या का उगंच खाऊ घालते?"

मग मी नीट सांगायची आणि त्या डोळे बारीक करून ऐकायच्या.

आता त्या उदगीरला मुलीकडे असतात. मध्यंतरी त्या दवाखान्यात होत्या, तिथूनच तिने त्यांना परस्पर नेलं. त्यानंतर माझं जाणं झालेलं नाही. जमलं नाही असं मी सांगते, पण ते पूर्ण खरं नाही.

त्यांचं विसरणं कधी सुरू झालं ते सांगता येणार नाही, कारण आम्हाला ते विसरणं वाटलंच नाही. जेवण झाल्यावर थोड्या वेळाने त्या परत ताट मागायच्या. सुरेखावहिनी, म्हणजे त्यांची सून, म्हणायच्या, "आत्याबाई, आत्ताच जेवलात की."

"कवा? ताट दाखीव."

वहिनी धुतलेलं ताट आणून दाखवायच्या. काकू ते उलटंपालटं करून म्हणायच्या, "हे तर चकचकीत हाय. ह्याच्यात कोन जेवलं?" आम्ही सगळे हसायचो. मीही हसायची. शुगरच्या माणसाला भूक फार लागते, जीभ आवरत नाही, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. बसूदादाने फराळाच्या डब्यांच्या कपाटाला कुलूप लावलं. काकूंनी ते कुलूप एकदा ओढून पाहिलं आणि त्या आत निघून गेल्या. एवढं मोठं दुकान चालवलेली बाई. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही, आता वाटतं.

मग काकू दुपारीही पुन्हा आंघोळ करून पूजेला बसू लागल्या. सकाळची झालेली त्यांच्या ध्यानात नसे. "आईची भक्ती वाढली," बसूदादा म्हणायचा. मी बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं आहे. स्मृतीवरचं प्रकरण मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. तरी मीसुद्धा भक्तीच समजले.

चप्पल लागून त्यांच्या पायाला फोड आला. पायात बधिरपणा होता, म्हणून तो त्यांना कळलाच नाही. कळला तेव्हा जखम चिघळली होती, अंगात ताप होता. परळीतल्याच एका दवाखान्यात त्यांना ठेवलं. वहिनींचं बाळ लहान, बायकांच्या वॉर्डात पुरुषांना डबा देण्यापुरतंच येऊ देत, म्हणून कॉलेजची वेळ सोडून मी त्यांच्याजवळ बसू लागले.

दवाखान्यात काकू एकदम वेगळ्या झाल्या. पडद्याला "कोन उभं हाय?" विचारायच्या. शेजारच्या खाटेवरच्या बाईला गिऱ्हाईक समजून म्हणायच्या, "परात घ्या, जाड पत्र्याची हाय." पण सकाळी बसूदादाने बेलपानं, विभूतीची डबी आणि तांब्या आणला, मी ओल्या फडक्याने त्यांचं अंग पुसून दिलं, की त्या खाटेवर ताठ बसायच्या आणि त्यांचे हात काही चुकायचे नाहीत. लिंगावर पाणी, विभूती, बेलपान, मग नजर. ते पाणी तीर्थ म्हणून घ्यायचं. मग लिंग छोट्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळून पुन्हा डबीत. तेवढा वेळ वॉर्डात जुन्या काकू असायच्या.

अडचण दुपारी आली. जेवणाआधी सिस्टर इन्सुलिनचं इंजेक्शन देऊन गेल्या, मी ताट पुढे केलं, तर काकूंनी हात मागे घेतला.

"माझी पूजा व्हायचीय."

"झाली, काकू. सकाळीच झाली."

त्यांनी कपाळाला हात लावला. तापाच्या घामाने, पुसण्याने विभूती केव्हाच गेली होती. "कुठं झाली? कपाळ तर मोकळं हाय. खोटं बोलू नको माझ्याशी."

मी समजावत राहिले. त्या तोंड फिरवून बसल्या. शेवटी मी पूजेचं सामान काढायला घेतलं, तोवर त्यांच्या अंगाला दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, बोलणं जड झालं. मी ओरडले. सिस्टर धावत आल्या, सलाईनमधून ग्लुकोज दिलं. काकू शुद्धीवर आल्यावर सिस्टर माझ्यावर चिडल्या. त्यांचं चुकलं नव्हतं.

"इंजेक्शन गेलं की पोटात अन्न गेलंच पाहिजे. देवाला म्हणावं थोडं थांब. आजी गेल्या असत्या आज."

दुसऱ्या दिवशी मला एक गोष्ट सुचली. सकाळची पूजा झालेली होती. दुपारी ताट यायच्या आधी काकूंचा डोळा लागलेला असताना मी विभूतीत बोटं बुडवून त्यांच्या कपाळावर तीन पट्टे पुन्हा ओढले. त्या उठल्या, कपाळाला हात लावला, बोटाला लागलेली विभूती पाहिली. "झालती व्हय पूजा," म्हणाल्या आणि जेवल्या. मला खूप बरं वाटलं. मी ते बसूदादाला सांगितलं. त्यालाही बरं वाटलं.

इथपर्यंत मी कुणाशी खोटं बोलले नव्हते, असं मी स्वतःला सांगू शकते.

मग जखमेचं ड्रेसिंग सकाळच्या वेळी होऊ लागलं. काकू दुखण्याने कळवळायच्या. त्यानंतर पूजेला बसवायचं म्हणजे अंग पुसणं, उशा लावणं, तांब्या धरणं, आणि तोवर नाश्त्याचं इंजेक्शन यायचं. बसूदादाला दुकान उघडायचं असायचं. एका सकाळी त्याने पिशवीतून नुसती विभूतीची डबी काढली आणि झोपेत असलेल्या आईच्या कपाळाला पट्टे ओढले.

"दादा, पूजा?"

"असू दे. तिला काय कळतंय? झाली म्हनलं की झाली. जेवनं म्हत्त्वाचं हाय." माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "तू बी तसंच सांग."

मी तसंच सांगितलं. पुढेही रोज. तांब्या खाटेखालीच राहू लागला. बेलपानं यायची बंद झाली.

एकदा काकूंनी मला जवळ बोलावलं. आवाज अगदी हळू. "बसू माझं मन राखाया बोलतो. सून कावलीय. तू परक्याची हायस, तू कशापायी खोटं बोलशील? खरं सांग. झाली का माझी पूजा?"

"झाली, काकू."

"मग वाढ."

त्यांनी घास घेतला. माझ्याने तिथे बसवेना, मी पाणी आणायच्या निमित्ताने उठले.

त्यानंतर एका दुपारी मी ताट घेऊन आले तर काकू जाग्या होत्या. नजर बरीच स्वच्छ होती. कपाळावर आम्ही लावलेले पट्टे होते. पण त्यांचा हात या वेळी कपाळाकडे गेला नाही. त्यांनी गळ्यातली डबी उघडली, लिंग गुंडाळलेलं फडकं बाहेर काढलं आणि गालाला लावलं. पूजेनंतर ते ओलसर असतं. बराच वेळ ओलसर राहतं.

"कोरडं ठक्क हाय," त्या म्हणाल्या.

मी ताट धरून उभी.

"लई दिसाचं कोरडं हाय हे."

त्यांनी फडकं लिंगासकट डबीत ठेवलं, डबी बंद केली, पदराखाली घेतली. मग विचारलं, "सुई देऊन गेली का ती?"

"हो."

"मग जेवाया लागंल." त्यांनी ताट ओढून घेतलं. माझ्याकडे न बघता त्या जेवल्या, सगळं जेवल्या. भाकरीचा शेवटचा तुकडा हातात असताना एवढंच म्हणाल्या, "हे म्या न्हाई मोडलं. ध्यानात ठेव."

संध्याकाळी त्यांना यातलं काही आठवत नव्हतं. मी माफी मागितली तेव्हा त्या म्हणाल्या, "काय फोडलंस का? फोडलं तर फोडलं, भांडंच हाय." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांशी बोलायचं ठरवलं. त्यांच्यासमोर माझी जीभ उचलत नसे. ते इंग्रजीत काही विचारतील, मला समजणार नाही, अशी धास्ती वाटायची. वऱ्हांड्यात मी वाक्य मनाशी घोकलं आणि राउंड संपताना सगळं एका दमात सांगून टाकलं. की त्या पूजा केल्याशिवाय खात नाहीत, आणि पूजा झालेली त्यांना आठवत नाही.

डॉक्टर थांबले. "मग इंजेक्शन आधी कशाला? त्यांचं जेवण झाल्यावर, किती जेवल्या ते बघून लगेच देऊ. चालतं तसं." त्यांनी सिस्टरना सांगितलं आणि मला विचारलं, "हे आधीच का नाही सांगितलं?"

एवढंच होतं. पूजेला हवा तेवढा वेळ मिळाला असता. दुपारी पुन्हा करायची म्हणाल्या असत्या तर पुन्हा करू देता आली असती. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

हा स्मृतिभ्रंश असावा, असं डॉक्टर म्हणाले. तो घरीच सुरू झाला असणार. वर्षानुवर्षांच्या मधुमेहात असं होऊ शकतं, आणि दवाखान्यात ताप, जंतुसंसर्ग, साखरेची चढउतार, नवी जागा यांनी म्हातारी माणसं जास्तच गोंधळतात. संसर्ग उतरल्यावर थोडं परत येईल, सगळं येईलच असं नाही. मी बसूदादाला हे जिन्यात सांगितलं. तो पायरीवर बसला. भांड्यांच्या पत्र्याने चिरा पडलेल्या बोटांकडे बघत म्हणाला, "म्या तिच्या कपाटाला कुलूप घातलतं गं."

त्याच रात्री ताप पुन्हा चढला. काकू बहुतेक वेळ ग्लानीतच होत्या, सलाईनवर. पूजेचा प्रश्नच नव्हता. ताप उतरला त्या सकाळी बसूदादा लवकर आला. अंगणातली बेलपानं त्याने स्वतः धुऊन आणली होती. नवा तांब्या, नवं पांढरं फडकं. काकूंचा चेहरा टवटवीत होता, मला बघून त्या हसल्या. मी त्यांचं अंग पुसलं, पाठीला उशा लावल्या. डबीतून लिंग काढून त्यांनी नेहमीसारखं डाव्या तळहातावर घेतलं. की बसूदादाने ठेवलं? मला तेवढं नीट आठवत नाही. मी बेलपानं पुढे केली. सिस्टर नाश्त्याची ताटली बाजूला ठेवून, इंजेक्शनचा ट्रे घेऊन खाटेच्या पायथ्याशी थांबल्या होत्या. या वेळी कुणालाच घाई नव्हती.

काकूंनी तळहाताकडे पाहिलं. मग ताटलीकडे पाहिलं. उजव्या हाताने त्यांनी ताटली जवळ ओढली आणि उपम्याचा घास घेतला.

"काकू," मी म्हटलं, "आधी पूजा."

"व्हय, कर की तू," त्या म्हणाल्या. "म्या जेवते. लई भूक लागलीय."

मी पुन्हा एकदा म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि दुसरा घास घेतला. बसूदादा आईसमोर तांब्या धरून उभा होता.

"वा, आजी!" सिस्टर कौतुकाने म्हणाल्या. "आज कसं शहाण्यासारखं जेवण चाललंय."

काकूंनी ताटली बोटांनी निपटून स्वच्छ केली आणि अजून आहे का विचारलं. बसूदादाने तांब्या खाली ठेवला आणि आईच्या उघड्या तळहातावरून लिंग उचलून घेतलं, तेव्हा त्यांनी वरसुद्धा पाहिलं नाही.